खुंटी, शिडी, दोन डोंगर, काठी आणि साप

सबनीस साहेब माणसाला नाव विचारतात ते हाक मारायला नाही, मोजायला. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा पोळ्या पातळ करता का जाड, आणखी किती घरं आहेत, काही म्हणजे काही विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नाव?"

"तुळसा."

त्यांनी हवेत बोटानं काहीतरी लिहिलं. चेहरा असा उजळला की जणू मी त्यांची हरवलेली बहीणच.

"पाचात बसतं! या, आत या."

मला वाटलं पाच वाजता यायचं म्हणतायत. मी म्हटलं, "साहेब, पाचला नाही जमायचं. पाचला मी दुसरीकडं असते."

ते इतके हसले की आतल्या खोलीतून एक दहा-अकरा वर्षांची पोर दार किलकिलं करून बघायला आली. तीच स्मिता. तिची आई, सुमनबाई, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बाप हसतो हे पोर विसरूनच गेली होती, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

पाचात बसतं म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांना इंग्रजीतले पाच अक्षरांचेच शब्द आवडतात. चारचे पोरकट म्हणतात, सहाचे फुगलेले. आणि पाचातली अक्षरं मागंपुढं हलवून त्यातनं दुसरा शब्द निघाला की त्यांना जेवणाची आठवण राहत नाही. मी चहा ठेवला तर म्हणाले, "मावशी, तुमच्या नावाची अक्षरं हलवली की टेलस होतं. टेलस म्हणजे घोट्याचं हाड. अख्ख्या अंगाचा भार त्या हाडावर असतो."

मी माझ्या पायांकडं बघितलं. चुलीपाशी उभं राहून राहून संध्याकाळी माझे घोटे दुधीसारखे सुजतात. मी म्हटलं, "हाड माहीत होतं साहेब. इंग्रजी माहीत नव्हतं."

मी वाईकडची. मालक रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस होते, म्हणून लखनौला आले. ते छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा धाकटा अंगावर पीत होता. चार घरच्या पोळ्या धरल्या, त्या अजून चालूच आहेत. एक खोली होती, तिच्यात पावसाळ्यात पाणी यायचं, तेव्हा पोरांना खाटेवर ठेवून मी खाली उभी राहायचे. रडायला वेळ असता तर रडलेही असते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं साहेबांचं आहे, कारण त्यांच्यासारखं माणूस मी या गोमती नगरात काय, गावाकडं काय, कुठंच बघितलं नाही.

साहेब रेल्वेत इंजिनियर होते. मोठी नोकरी. पूल बघायला जायचे म्हणे. पण घरी आले की भाजीत सुद्धा अक्षरं मोजायची. कांदा त्यांना प्रिय, कारण इंग्रजीत तो पाचात बसतो. लिंबू बसतं, आंबा बसतो, पेरू बसतो. बटाटा बसत नाही, त्याला सहा लागतात. म्हणून बटाटा घरात यायचा तो खालमानेनं. एकदा ठेलेवाल्यापाशी उभं राहून त्याला हे समजावत होते. ठेलेवाला लखनौचा, ऐकून घेतलं सगळं, आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आलू न लेना हो तो न लीजिए, मगर बेचारे की बेइज़्ज़ती तो मत कीजिए. सुन रहा है."

साहेबांनी दोन किलो बटाटे घेतले. आठवडाभर मी बटाटाच केला.

त्यांच्या स्वतःच्या नावाची अक्षरं हलवली की जाहिरात करणारा माणूस होतो म्हणे. मदन हे नाव, आणि माणूस असा की शेजारच्याशी सहा महिने बोलणार नाही. आडनावाला सहा लागतात, ते त्यांच्या नियमात बसत नाही, पण त्यातनं हात धुवायची भांडी निघतात. हे त्यांनी पोरीला जेवताना सांगितलं आणि पोर ठसका लागेपर्यंत हसली. आई गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसणं. माझ्या हातात पोळी होती, ती तव्यावर करपली. करपू दिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं हे काय चाललंय. आई गेलेल्या पोरीशी काय बोलायचं हे साहेबांना ठाऊक नव्हतं. वेणी घालता येत नव्हती, जवळ घेता येत नव्हतं. त्यांच्याकडं पाच अक्षरं होती, ती त्यांनी दिली. रोज संध्याकाळी दोघं टेबलाशी बसायची. एक अक्षर तिनं म्हणायचं, एक यांनी. सुमनबाईंच्या नावाची अक्षरं हलवली तर काय निघावं? मानुस. आपल्याला वाटेल मराठीच. पण ते इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे आणि त्याचा अर्थ हात. साहेबांनी मला पान उघडून दाखवलं होतं. मला वाचता येत नाही, तरी मी बघितलं. अंगावर काटा आला बघा. गेलेल्या बाईच्या नावात हात होता आणि तो इतकी वर्षं त्या जाड्या पुस्तकात पडून होता.

मग पोरीनं विचारलं, "और मेरा?"

ती घरात हिंदीच बोलायची. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. समजायचं सगळं मराठी, उत्तर हिंदीत.

साहेबांनी हवेत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. म्हणाले, "शोधतो."

"सबका है. मावशी का भी है. मेरा ही नहीं है?"

"असणार. मी शोधून देईन. शब्द देतो तुला."

असा साहेबांनी पोरीला शब्द द्यायचा शब्द दिला.

पाच अक्षरं मागंपुढं मांडायच्या एकशेवीस तऱ्हा होतात म्हणे. पाच माणसांना पाच पाटांवर बसवायचं, तसं. मला खरं वाटेना. मी ओट्यावर पाच वाट्या मांडून बघितल्या. वीस-बावीसपर्यंत गेले आणि दूध उतू गेलं. साहेबांनी मात्र सगळे एकशेवीस लिहिले, कॅलेंडरच्या मागल्या कोऱ्या बाजूला, आणि तो कागद स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर चिकटवला. का तिथं? तर तिथं उजेड चांगला म्हणून. रोज सकाळी चहाचा कप घेऊन यायचे आणि स्तोत्र म्हणावं तसे मोठ्यानं म्हणायचे. मी खाली कणीक मळत असायचे. तोंडानं मला कधी पाठ झाले नाहीत, पण डोळ्यांनी झाले. स्मिताच्या नावाची पाच अक्षरं मी माझ्या पद्धतीनं ओळखते. साप, दोन डोंगर, काठी, खुंटी, शिडी. एकशेवीस ओळींत हीच पाच, जागा बदलून.

एकही खरा शब्द नव्हता. साहेब रविवारी जुन्या बाजारात जायचे आणि रद्दीतनं शब्दकोश उचलून आणायचे. प्रत्येक नव्या पुस्तकात एकशेवीसच्या एकशेवीस पुन्हा शोधायचे. चौदा पुस्तकं झाली. सगळ्यात जाडं होतं त्याचा शेवटचा भाग वाळवीनं खाल्लेला, खुंटीपासून पुढची पानं नाहीतच. साहेब म्हणायचे, "त्या गेलेल्या पानांत असणार."

मी म्हणायचे, "मग नवीन घ्या की पुरतं."

"घेऊ."

"फोनला विचारा. माझी नात सगळं फोनला विचारते."

"फोनला विचारलं तर फोननं शोधलं. मी काय केलं? आणि छापलेला पाहिजे, मावशी. कागदावर छापलेला दिसला तरच शब्द."

पोर मोठी झाली. कॉलेज झालं, अमौसीला विमानतळावर नोकरी लागली. तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला. चांगला होता, नम्र. साहेबांची काही हरकत नव्हती. त्याचं नाव पाचात बसत होतं, तेवढ्यावरच ते खूश.

मग मुलाकडच्यांनी लग्नाची पत्रिका छापून पाठवली, इंग्रजीत, सोनेरी अक्षरांची. साहेबांनी ती उघडली, वाचली, आणि लाल पेन काढलं. एका शब्दात एक अक्षर कमी होतं म्हणे. त्यांनी त्याच्याभोवती लाल गोल केला, बाजूला बरोबर शब्द लिहिला, आणि पत्रिका परत पाठवून दिली.

शपथेवर सांगते, त्यांच्या मनात अपमान करायचं काही नव्हतं. त्यांना वाटलं, मदत केली. रेल्वेत पुलाच्या कागदावर चूक दिसली की असंच करतात, नाहीतर माणसं मरतात. पण ती लग्नाची पत्रिका होती. मुलाच्या आजोबांनी आपल्या हातानं मजकूर लिहिला होता. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, असं कानावर आलं.

स्मिता आली. रडली नाही, ओरडली नाही. बापासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, आपको लोग दिखते ही नहीं हैं. अक्षर दिखते हैं." आणि गेली. लग्न झालं. साहेब गेले होते, शेवटच्या रांगेत बसून आले. नंतर ना ती आली, ना यांनी फोन केला. अमौसी इथून किती? एक ई-रिक्शा आणि एक मेट्रो. सहा वर्षं झाली.

"फोन करा की," मी म्हणायचे.

"करीन. शब्द सापडला की करीन. रिकाम्या हातानं काय करू?"

हे ऐकल्यावर मला कळलं, ते नवीन पुस्तक का घेत नव्हते. पुरतं पुस्तक आणलं आणि त्यातही नसला, तर? मग फोन करायला निमित्त कुठलं राहणार? वाळवीनं खाल्लेली पानं बरी. त्यांत असू शकतो.

आणि त्यात डोळे. काचबिंदू. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचा म्हटलं तर साहेब म्हणाले, "यातून दोन शब्द होतात, पण एकही चांगला नाही." डॉक्टर हसले, मग त्यांनी तपासलं आणि हसायचे थांबले. एक डोळा गेलाच, दुसरा जायला निघाला. घरी त्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत. मला कळलं ते भिंतीवरून. एका कागदावर मावणारी यादी पुढच्या वर्षी दोन कागदांवर गेली, मग तीनवर. दरवेळी अक्षरं मोठी. आता पाच कागद आहेत, एकेका कागदावर चोवीस, आणि अक्षरं अशी की रस्त्यावरून दिसावीत. तरी ते नाक लावून वाचतात.

आता खरी गोष्ट. माझं एक घर केकवाल्या मॅडमचं आहे. त्या ऑर्डरचे केक करतात, मी त्यांची भांडी आणि पोळ्या बघते. त्यांच्या भावानं बाहेरदेशातनं एक चाळण आणली होती, ती ज्या पत्र्याच्या गोल डब्यात आली तो डबा त्या टाकत होत्या.

"अम्मा, ये डिब्बा ले जाओगी? बिस्कुट रखने के काम आएगा."

मी डबा हातात घेतला. झाकणावर अक्षरं होती, ठसा उमटवलेली, वर आलेली. मी बघितलं. खुंटी. शिडी. दोन डोंगर. काठी. साप.

मी तिथंच खाली बसले.

"अम्मा? चक्कर आया?"

"ये क्या लिखा है, मैडम?"

"ये? तामी, टामिस, ऐसा ही कुछ है. मैदा छानने वाली छलनी को बोलते हैं. नीचे इंग्लिश में भी लिखा है, छलनी."

म्हणजे चाळण. वीस-बावीस वर्षं मी त्या यादीखाली उभी राहून पीठ चाळलं. हातात चाळण, डोक्यावर शब्द. शेवटच्या कागदावर वरून तिसरी ओळ, हे मला न बघता माहीत होतं.

डबा पदराखाली घेऊन मी साहेबांकडं आले आणि दारात थांबले. सांगितलं असतं तर एका मिनिटाचं काम. पण मग शब्द माझा झाला असता. पोरीला दिलेला शब्द माझा नव्हता. म्हणून डबा धुतला, पुसला, त्यात बिस्किटं भरली आणि शेल्फवर ठेवला, अक्षरं पुढं करून.

दिसला नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी चहाच्या डब्याशेजारी ठेवला. नाही. तिसऱ्या दिवशी जाड्या शब्दकोशावर ठेवला. साहेबांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मावशी, पुस्तकावर खाण्याचं ठेवू नका, मुंग्या येतात." चौथ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवरच ठेवला. ते त्याच्यावर बसले. वाकडं तोंड करून उठले, डबा टेबलावर ठेवला आणि पेपर घेतला. मी स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेतला. इतका हुशार माणूस, आणि मी कोण, शाळेची पायरी न चढलेली, मलाच कळेना आता काय करावं.

पाचव्या दिवशी त्यांनी बिस्किट मागितलं. मी डबा उघडून दिला नाही. बंदच त्यांच्या हातात दिला. "झाकण घट्ट आहे साहेब, तुम्हीच काढा."

त्यांनी अंगठा झाकणावर दाबला, फिरवला. अंगठा थांबला. परत मागं गेला. मग हळूहळू पुढं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"मावशी. इकडं या. हे काय आहे?"

"डबा आहे."

"याच्यावर. वाचा."

"मला कुठं वाचता येतं?"

"तुमच्या पद्धतीनं वाचा हो!"

मी वाचलं. खुंटी, शिडी, दोन डोंगर, काठी, साप.

ते उठले. भिंतीला चाचपत शेवटच्या कागदापाशी गेले, नाक लावलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. डबा छातीशी. मी त्यांना मॅडमनं सांगितलेला अर्थ सांगितला. आता फोन करतील, म्हणून मी हात पुसून वाट बघत होते. तर म्हणाले काय?

"पण डबा म्हणजे शब्दकोश नव्हे."

मी इतक्या वर्षांत साहेबांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साहेब, लग्नाची पत्रिका पण शब्दकोश नव्हती."

ते खाली बसले. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाले, "फोन लावून द्या. मला बटणं दिसत नाहीत."

आवाज मोठा करायचं बटण दाबलं गेलं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. मुद्दाम नाही ऐकलं.

"हलो?" तिचाच आवाज. थोडा जाड झालेला.

साहेब कशी आहेस म्हणाले नाहीत. एकेक अक्षर म्हणू लागले, संध्याकाळी टेबलाशी म्हणायचे तसं. "टी. ए. एम..."

तिकडं विमान उतरत असावं, घरघर येत होती. घरघर विरल्यावर पोर म्हणाली, "आय. एस."

साहेबांच्या हातातनं डबा सुटला. बिस्किटं घरभर.

"तुला माहीत होतं?"

"कॉलेज से पता है, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आप ढूँढ़ रहे थे ना." आणि मग, कित्येक वर्षांत तिच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं, ते ऐकलं. "तुम्ही शब्द दिला होता."

मी बिस्किटं वेचायला खाली वाकले. खाली वाकलं की वरचं दिसत नाही, ते बरं असतं.

रविवारी ती आली. नवरा खाली गाडी लावत होता तोवर ती एकटीच वर आली, सरळ स्वयंपाकघरात, आणि पाच कागदांकडं बघत राहिली. एवढी मोठी अक्षरं का, हे तिनं विचारलं नाही. बापाकडं बघितलं, भिंत चाचपत येताना, आणि तिला कळलं.

"बाबा, लाल पेन कुठंय?"

साहेबांनी खिशातनं काढून दिलं. तिनं ते परत त्यांच्याच हातात ठेवलं, वरून आपला हात धरला, आणि मी त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले. दोघांनी मिळून गोल केला. वेडावाकडा झाला. वरचा शब्द अर्धा आत आला, माझ्या बोटालाही लाल लागलं.

पोर म्हणाली, "चुकला, बाबा. परत करूया?"

साहेब म्हणाले, "असू दे."